डिस्क कुरकुरायला लागली की: सर्व्हर वाचवायचा क्रम

सकाळी मेल उघडावी आणि त्यात सर्व्हरचा निरोप असावा: अमुक डिस्कवर ८ सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, ‘पेंडिंग’. सर्व्हर तर चालू आहे, साइट उघडतेय, कुणाची तक्रार नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. ‘बघू शुक्रवारी’ म्हणून मेल बाजूला सारतात, नाहीतर लगेच सर्व्हर रिबूट करून टाकतात. दोन्ही चुकीचं, आणि त्यातही रिबूट जास्त महागात पडतं. वर्षानुवर्षं अखंड फिरत असलेली म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. जी डिस्क अजून दोन दिवस रडतखडत डेटा देत राहिली असती, ती तुमच्या एका रिबूटने कायमची गप्प बसू शकते.

डिस्क बिघडणार हे गृहीतच आहे. डेटा मात्र बऱ्याचदा त्यानंतर केलेल्या गोष्टींच्या चुकलेल्या क्रमामुळे जातो. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. समोर लिनक्स सर्व्हर आहे असं धरलंय. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच मूळ स्पेलिंगने टाइप करायची.

इशारा नेमका काय सांगतोय

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ‘स्मार्टसीटीएल’ ही कमांड ती नोंद वाचून दाखवते. साटा (नेहमीच्या जोडणीच्या) हार्ड डिस्कच्या यादीत वीस-पंचवीस ओळी दिसतील. घाबरायचं नाही, त्यातल्या मोजक्याच कामाच्या आहेत. क्रमांक ५ म्हणजे किती सेक्टर खराब ठरवून राखीव जागेत हलवले. १८७ म्हणजे डिस्कला दुरुस्त न करता आलेल्या चुका. १८८ म्हणजे वेळेत पूर्ण न झालेल्या कमांड. १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर आणि १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत सापडवलेले, वाचता न येणारे सेक्टर. हजारो डिस्क सांभाळणारी बॅकब्लेझ ही बॅकअप कंपनी याच पाच आकड्यांवर लक्ष ठेवते. २०१६ मध्ये त्यांनी दिलेल्या आकडेवारीत बिघडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कवर या पाचपैकी निदान एक आकडा शून्याच्या वर होता, तर चालू डिस्कमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होतं.

याचा दुसरा अर्थ असा की जवळपास चारातली एक डिस्क काहीही न सांगता गेली. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तर बिघडलेल्या ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर तापमान सोडता एकाही स्मार्ट आकड्यात काही वावगं नव्हतं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट असते. तेव्हा स्मार्ट गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये, आणि बोलला तर ऐकावं.

पेंडिंग सेक्टरबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण याचा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती त्याला ‘संशयित’ म्हणून खूण करते, पण लगेच दुसरीकडे हलवत नाही. हलवणार काय? आतला मजकूरच वाचता येत नाहीये. त्या जागेवर नवा डेटा लिहिला जाईपर्यंत ती वाट पाहते. लिहिताना जागा ठीक निघाली तर १९७ चा आकडा खाली येतो आणि ५ चा तसाच राहतो. जागा खरंच खराब असेल तर १९७ खाली येऊन ५ वाढतो. म्हणून १९७ कमी झाला एवढ्यावर ‘डिस्क सुधारली’ असं समजू नका, शेजारचा ५ बघा.

दोन आकडे उगाच घाबरवतात. सीगेटच्या डिस्कवर ‘रॉ रीड एरर रेट’ आणि ‘सीक एरर रेट’ कोट्यवधींत दिसतात. त्या आकड्यांत चुकांबरोबर एकूण क्रियांची मोजणीही भरलेली असते, त्यामुळे ते नेहमीचंच आहे. दुसरा १९९, म्हणजे सीआरसी चुका. हा डिस्कपेक्षा केबलबद्दल जास्त बोलतो. त्याकडे पुढे वळतोच.

सॅस, म्हणजे सर्व्हरसाठीच्या दुसऱ्या जोडणीच्या, डिस्कवर ही क्रमांकांची यादी नसते. तिथे ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’मधला (वापरात खराब झालेल्या जागांच्या यादीतला) आकडा आणि दुरुस्त न झालेल्या चुकांचं कोष्टक पाहायचं. एक डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्कचा मिळून एक संच (अ‍ॅरे) करतात, त्या रीतीला रेड म्हणतात. हार्डवेअर रेड कंट्रोलरच्या मागे दडलेल्या डिस्क तर सरळ दिसतच नाहीत. तिथे स्मार्टसीटीएलला कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो, किंवा कंट्रोलरच्याच साधनातून ‘मीडिया एरर’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ हे दोन आकडे पाहावे लागतात.

स्मार्टखेरीज कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये खुणा दिसतात आणि कधी कधी तिथेच आधी दिसतात. डिस्कचा वेग दाखवणाऱ्या ‘आयओस्टॅट’मध्ये एका अ‍ॅरेतल्या पाच डिस्क १० मिलिसेकंदांत उत्तर देताहेत आणि सहावी २०० घेतेय, तर तिचे स्मार्ट आकडे कितीही स्वच्छ असले तरी तिच्यावर नजर ठेवा. आतल्या आत वाचन पुन्हा पुन्हा करून ती वेळ मारून नेत असते.

पहिली पंधरा मिनिटं: बघायचं, लिहून ठेवायचं, छेडायचं नाही

काहीही करण्याआधी सगळ्या डिस्कचा पूर्ण स्मार्ट अहवाल, कर्नलचा लॉग, अ‍ॅरेची अवस्था आणि कोणत्या सीरियल नंबरची डिस्क आत्ता कोणत्या नावाने दिसतेय याची यादी फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या मशीनवर ठेवा. दुसऱ्याच मशीनवर, कारण त्याच सर्व्हरवर ठेवलेली नोंद ऐन वेळी वाचता आली नाही तर तिचा उपयोग काय? तासाभराने पुन्हा अहवाल घ्या. ८ चे ८ च राहिले की ८ चे ४० झाले, हा फरक पहिल्या आकड्यापेक्षा खूप जास्त सांगून जातो.

या टप्प्यावर करायच्या नाहीत अशा गोष्टी: रिबूट, फाइल सिस्टिमची (डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीची) दुरुस्ती, सॉफ्टवेअर अपडेट, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा मजकूर इतरांवरून नव्या डिस्कवर जुळवणं) आणि डिस्कची लाँग टेस्ट. शेवटची पाहून भुवया उंचावतील. लाँग टेस्ट पृष्ठभागाचा कोपरा न् कोपरा वाचते आणि मोठ्या डिस्कवर कित्येक तास चालते. आजारी डिस्कमध्ये उरलेली ताकद बॅकअपसाठी खर्च करायची की तिचा आजार सिद्ध करायला? निदान नंतर होईल.

फाइल सिस्टिमची दुरुस्ती तर त्याहून वाईट. दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम डिस्क खरं बोलतेय असं धरून चालतो. वाचता न आलेल्या ठिकाणी तो नोंदी पुसतो, फाइली तोडतो, आणि हे सगळं मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहितो.

डिस्क की केबल?

आता दोषी नक्की कोण ते पाहू. कर्नलच्या लॉगमध्ये साटा डिस्कच्या चुकीसोबत महिरपी कंसात काही अक्षरं येतात. ‘यूएनसी’ असेल तर डिस्कला स्वतःचा सेक्टर वाचता आला नाही, दुखणं डिस्कचं. ‘आयसीआरसी’ असेल तर डेटा वाटेत बिघडला. मग केबल, कनेक्टर किंवा बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो बोर्ड) तपासायचं. १९९ चा आकडा वाढतोय आणि ५, १९७, १९८ शून्यावर आहेत, तर नवी डिस्क मागवण्याआधी केबल बदला. हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. मागच्या साली लागलेल्या ठेचेचे २३ अजून दिसत असतील तर त्यांचा आज काही संबंध नाही.

एकाच वेळी दोन-तीन डिस्क कुरकुरायला लागल्या तर त्या सगळ्या एकदम आजारी पडल्या असण्यापेक्षा त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. एकच वीजजोडणी, एकच केबल, एकच तापलेला कंट्रोलर, असं काहीतरी निघतं.

आणखी एक फसवी गोष्ट. डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिट-मिनिट झटत राहू शकते. लिनक्स कर्नल मात्र नेहमीच्या मांडणीत ३० सेकंद वाट पाहतो, मग लिंक रिसेट करतो आणि डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाऊ शकते. म्हणजे एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क गेली असं दिसतं. सर्व्हरसाठीच्या आणि नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणपेटीसाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि ‘हा सेक्टर देता येत नाही’ असं सरळ सांगतात. मग अ‍ॅरे तो मजकूर इतर डिस्कवरून जुळवून तिथे परत लिहिते. तुमची डिस्क ही मर्यादा मानते का ते स्मार्टसीटीएलमधून पाहता येतं. मानत असेल तर ७ सेकंद ठेवा, नसेल तर त्या डिस्कसाठी कर्नलची वाट पाहण्याची मुदत वाढवा, १८० सेकंदांपर्यंत. ही सेटिंग रिबूटनंतर टिकत नाही, सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालावी लागते.

आधी डेटा

केबलचा प्रश्न नाही हे ठरलं की बॅकअप. ‘रेड आहे की’ हे उत्तर चालत नाही. चुकून पुसलेली फाइल रेड सर्व डिस्कवर अगदी इमानाने पुसतो.

डिस्क कधीही हात वर करेल असं धरून क्रम लावा. जे परत मिळणार नाही आणि रोज बदलतं ते आधी: डेटाबेसचा डंप (पूर्ण उतारा), अपलोड झालेल्या फाइली. मग कॉन्फिगरेशन, सर्टिफिकेट, किल्ल्या. नंतर बाकीचं. ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी, ती पुन्हा टाकता येते. ‘आरसिंक’ने कॉपी करत असाल तर वेग मर्यादित ठेवा. डिस्कवर आधीच चालू कामाचा भार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: हा नवा बॅकअप जुन्या चांगल्या बॅकअपवर लिहू नका, वेगळ्या ठिकाणी घ्या. आजारी डिस्कवरून आलेल्या फाइली अर्धवट असू शकतात आणि कालपर्यंतची शाबूत प्रत त्यांनी झाकली गेली तर पुढे रडून उपयोग नाही. रोजचं आपोआप चालणारं बॅकअपचं कामही तोवर थांबवा, निदान जुन्या प्रती पुसण्याचा भाग तरी. आणि घेतलेल्या डंपमधून एखादं टेबल दुसरीकडे उभं करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

ठेवायची की बदलायची

इथे प्रत्येकाचं गणित निराळं असतं, माझं सांगतो. एक-दोन पेंडिंग सेक्टर, अ‍ॅरे बाकी ठणठणीत, बॅकअप हातात: मी अ‍ॅरेची पूर्ण तपासणी चालवतो. एमडी रेडमध्ये (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये) ‘चेक’, झेडएफएसमध्ये (रेडची सोय आतच असलेल्या फाइल सिस्टिममध्ये) ‘स्क्रब’. वाचता न आलेला सेक्टर सापडला की अ‍ॅरे तो इतरांवरून जुळवून पुन्हा लिहिते आणि पेंडिंगचा निकाल लागतो. मग लाँग टेस्ट. ती पार पडली आणि पुढचे काही आठवडे आकडे हलले नाहीत तर डिस्क राहू द्यायला हरकत नाही, पण बदली डिस्क कपाटात आणून ठेवायची.

आकडा वाढत असेल तर चर्चा नको, बदला. सेल्फ टेस्ट ‘रीड फेल्युअर’वर थांबली, तरी बदला. फिरण्याचे फसलेले प्रयत्न मोजणारा क्रमांक १० शून्याच्या वर गेला, तरी बदला. ‘स्मार्ट ओव्हरऑल हेल्थ: पास्ड’ या ओळीवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. शेकडो खराब सेक्टर असलेल्या डिस्कही ‘पास्ड’ म्हणत राहतात, कारण उत्पादकाने ठेवलेली मर्यादा फार सैल असते.

टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर नियम उलटा. डेटा दुसरीकडे नसेल तर वीज बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. प्रत्येक फेरीला वाचणारं हेड पृष्ठभाग खरवडत असू शकतं. फ्रीजमध्ये ठेवण्याचे, टिचकी मारण्याचे उपाय विसरा. गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं.

योग्य डिस्क ओढा

हे वाक्य वाचून हसू येत असेल तर तुम्ही अजून चुकीची डिस्क ओढलेली नाही. मी ओढली आहे. रेड ५ मधली (एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या प्रकारातली) एक डिस्क बाद झाली होती आणि मी डावीकडून मोजत तिची शेजारीण उपसली. मोजणी शून्यापासून होती, मी एकपासून केली. अ‍ॅरे त्याच क्षणी आडवी झाली. डेटा परत आला, पण तो बॅकअपमधून, आणि रात्र त्यात गेली.

‘एसडीबी’ हे नाव डिस्कचं नसतं, ओळखीच्या क्रमाचं असतं, आणि रिबूटनंतर ते दुसऱ्या डिस्कला मिळू शकतं. भरवसा फक्त सीरियल नंबरचा. तो स्मार्टसीटीएलच्या अहवालात असतो आणि डिस्कवरच्या लेबलवर छापलेला असतो. पेटीला दिव्यांची सोय असेल तर ‘एलईडीसीटीएल’ने किंवा कंट्रोलरच्या साधनाने त्या खणाचा दिवा लुकलुकवा. ती सोय नसेल तर निरोगी डिस्कवरून एकेक करून वाचन चालू करा आणि कोणता दिवा नाचत नाही ते बघा. ओढण्याआधी लेबलवरचा नंबर दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवणं वेडगळ वाटतं. मी आता दर वेळी करतो.

बदलताना

रिकामा खण असेल तर सर्वांत सुरक्षित वाट हीच: जुनी डिस्क आत ठेवूनच नवी जोडायची. ‘एमडीअ‍ॅडम’मध्ये (एमडी रेडची कमांड) नवी डिस्क स्पेअर, म्हणजे राखीव, म्हणून घाला आणि ‘रिप्लेस’ पर्यायाने जुनीची जागा तिला द्या. झेडएफएसमध्ये ‘झेडपूल रिप्लेस’ला जुनी आणि नवी अशी दोन्ही नावं द्या. मजकूर जुन्या डिस्कवरून उचलला जातो, तिला जिथे वाचता येत नाही तेवढाच इतरांवरून जुळवला जातो आणि अ‍ॅरे एक क्षणही अपंग होत नाही. आजारी डिस्क आधी ‘फेल’ करून मग नवी घालणं हा सवयीचा रस्ता आहे खरा, पण चालू असलेला आधार आपणच काढून घेण्यासारखं आहे ते.

हा फरक किती मोठा ते रेड ५ च्या हिशेबाने कळेल. ८ टेराबाइटच्या चार डिस्क, त्यातली एक काढली. रिबिल्डला उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागणार, म्हणजे २४ टेराबाइट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०चा १४वा घात इतक्या बिटांमागे वाचता न येणारा एक सेक्टर ही कमाल मर्यादा लिहिलेली असते. बाइटमध्ये तो आकडा १२.५ टेराबाइट होतो. प्रत्यक्षात चांगल्या डिस्क याहून बऱ्याच सरस निघतात, पण आधार काढल्यावर वाटेत एक जरी सेक्टर अडला तरी तो जुळवून द्यायला कुणी उरलेलं नसतं. कुठे रिबिल्ड थांबतो, कुठे तेवढा तुकडा गमावून पुढे जातो. त्यात त्या तिघी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतील तर त्यांचंही वय झालेलं असतं. म्हणून रिबिल्ड सुरू करण्याआधी बाकीच्या डिस्कचे आकडेही पाहा.

नव्या डिस्कबद्दल थोडं. ती जुनीपेक्षा एका सेक्टरनेही लहान नको. ट्रॅक एकमेकांवर चढवणारी, म्हणजे एसएमआर प्रकारची, नको. सलग लिखाणात तिचा वेग कोसळतो आणि रिबिल्ड दिवसांवर जातो. लावण्याआधी तिचीही लाँग टेस्ट करा, नवी डिस्क खराब निघणं काही दुर्मीळ नाही.

पार्टिशनची मांडणी ‘एसजीडिस्क’ने उतरवत असाल तर सावध. मोठ्या ‘आर’च्या पर्यायाला आधी नवी डिस्क, मग जुनी असा क्रम लागतो, आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलटा. चुकलात तर कोऱ्या डिस्कची मांडणी चालू डिस्कवर उतरते. त्यानंतर नव्या डिस्कवरचे ओळख क्रमांक नव्याने पाडून घ्या. आणि सर्व्हर त्या डिस्कवरून बूट होत असेल तर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) नव्या डिस्कवर टाकायला विसरू नका. ही चूक तेव्हा लक्षात येत नाही. सहा महिन्यांनी दुसरी डिस्क जाते, तेव्हा येते.

अ‍ॅरेच नसेल तर

एकटीच डिस्क असेल तर सेवा थांबवा, शक्य तिथे फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या, तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत घ्या. साधं ‘डीडी’ वापरू नका, ते पहिल्या चुकीला थांबतं. डीडीरेस्क्यू आधी सहज मिळतं ते उचलतं आणि अवघड भाग मागे ठेवतं. काय उचललं याची मॅप फाइल तिसऱ्याच ठिकाणी ठेवा, म्हणजे काम मध्येच तुटलं तरी पुढून सुरू होतं. पहिल्या फेरीत ‘खरवडणं’ (अवघड भागातून एकेक सेक्टर काढायचा प्रयत्न) बंद ठेवा, मग राहिलेल्या भागासाठी तीन प्रयत्न. फाइल सिस्टिमची दुरुस्ती आता करायची, आणि ती प्रतीवर.

एसएसडीची तऱ्हा वेगळी

एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क. एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीच्या एसएसडी, डिस्कवर चार आकडे बघा: क्रिटिकल वॉर्निंग, उरलेली राखीव जागा, वापराची टक्केवारी आणि मीडिया एरर. टक्केवारी १०० च्या पुढे जाऊ शकते. १०० म्हणजे उत्पादकाने धरलेलं आयुष्य संपलं, डिस्क संपली असं नव्हे. मीडिया एरर वाढणं आणि राखीव जागा मर्यादेखाली जाणं ही मात्र बदलण्याची वेळ.

एसएसडी आवाज करत नाही आणि पुष्कळदा काही न सांगता नाहीशी होते. त्यात आरशासारख्या जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेवढंच लिहिलं जातं, म्हणजे झीजही बरोबरीने. शक्य असेल तर जोडीत वेगळी बनावट घाला. फर्मवेअरही, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, याच कारणाने महत्त्वाचं. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या काही सॅस एसएसडी नवं फर्मवेअर टाकलं नाही तर चालू झाल्यापासून ३२,७६८ तास पूर्ण होताच बंद पडतील. हिशेब केला तर ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क एकाच तासाला गेल्या तर रेड काय करणार?

नंतरची कामं

रिबिल्ड संपला की एक पूर्ण स्क्रब. त्यात चूक न निघाली तरच प्रकरण मिटलं. मग ‘स्मार्टडी’ (स्मार्टवर सतत नजर ठेवणारा प्रोग्रॅम) नीट लावा: रोज रात्री शॉर्ट टेस्ट, आठवड्यातून एकदा लाँग, आणि अ‍ॅरेच्या मासिक तपासणीच्या दिवशी लाँग टेस्ट येणार नाही अशी वेळ. मेलचा पत्ता घातल्यावर चाचणीची मेल पाठवून ती खरंच पोहोचते का बघा. इशारा गेला होता, पण दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

उरली जुनी डिस्क. वॉरंटीत परत पाठवायची असेल तर पुसून पाठवा, पण राखीव जागेत हलवलेल्या मूळ सेक्टरांपर्यंत वरून लिहिलेलं पोहोचत नाही, तिथे जुन्या मजकुराचे तुकडे राहू शकतात. डिस्क पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्ली नष्ट केली की झालं. नसेल आणि आत लोकांची खासगी माहिती असेल, तर वॉरंटीवर पाणी सोडून तिच्या आतल्या तबकड्या (प्लॅटर) फोडा.